गुडघ्याचं मॅडमले सांगू नको

माय, काल सगळ्यात आधी कोण आलं असंन? आपली शेजारीण. पाहुण्यायची गाडी गल्लीत शिरत नव्हती म्हणून बाहेरच थांबली, अन् ते उतरायच्या आधी ही साखर मागाले वाटी घेऊन दारात हजर. तिच्या मागून पाहुणे. एक कोच मॅडम, अन् एक टीमचे साहेब. तुही पणती आता पैसे घेऊन बास्केटबॉल खेळते, माय. एवढी उंच झाली का दारातून वाकून येते. तिच्याकडे पाहून पाहून तुही मान दुखली असती.

पण सीझन दोन-तीन महिन्यांचाच. बाकी वर्षभर ती वर्ध्याच्या एका शाळेत लेकरायले खेळ शिकवते, तेही कंत्राटावर. पोरायच्या टीमले पैसे जास्त, पोरीयले कमी. काऊन म्हटलं, तं म्हणे बायायचा खेळ पाहाले कोणी येत नाई. मी तं मोबाईलवर सगळा पाह्यला, कळला नाई तरी पाह्यला. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीची जागा निघते, पण तिची वयाची अट संपत आली, अन् त्या जागेसाठीही टीमात असणंच लागते. अन् टीमात जिचा गुडघा गेला, तिचा करार गेला.

तिचा गुडघा सुजून राह्यला, माय. मी रोज मिठाच्या पुरचुंडीनं शेकते. "आजी, मॅडमले सांगू नको," एवढंच म्हणते.

तुले आठवते? देवळीकडच्या वावरात कापूस वेचाले गेलतो आपण. तुह्या अंगात ताप, अन् मी एवढीशी, मालकिणीले सांगून बसली. तिनं तुले सावलीत बसवलं, अन् संध्याकाळी मजुरी दिली नाई. घरी चूल पेटवता पेटवता तू म्हणाली, "तुले कोणी विचारलं होतं?"

काल मले विचारलं, माय. मॅडमनं सरळ माह्याकडे पाह्यलं. "आजी, हिचा गुडघा कसा आहे? तुम्ही तं घरी पाहता." पोरगी माह्या तोंडाकडे पाहून राह्यली. सांगावं तं करार जाते, नाई सांगावं तं पाय जाते. मी म्हटलं, पोहे थंडे होऊन राह्यले. साहेब हासले. तेवढ्यात पोरगी उठली, "पाहा ना मॅडम," म्हणाली, अन् उडी मारून ओसरीच्या वरच्या लाकडी बल्लीले हात लावला. खाली आली ते एकाच पायावर, दुसरा नुसता टेकवला. मॅडमले दिसलं का नाई, कोण जाणे. मले दिसलं.

पाहुणे गेल्यावर पाह्यलं तं सूज आणखीन वाढली होती. आता कोणाले सांगू? तुले लिहून राह्यली, ते पत्र तरी कुठं टाकू, गादीखाली ठेवते. पण खोटं काऊन बोलू, ती उडी मारून वर गेली तेव्हा मले लय बरं वाटलं. टाळ्या वाजवल्या मी.

सोमवारी येतो म्हणाले साहेब, पुढच्या सीझनच्या करारावर सही घ्याले.