आत्याबाई बसल्या की येतं

३ तारीख, सोमवार

आले एकदाची. खोली अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. असं वाक्य माझ्या हातून क्वचित लिहिलं जातं, म्हणून मुद्दाम आधी लिहून टाकलं. वरचा मजला, दोन खिडक्या, एकीखाली टेबल, भिंतींना ताजा रंग. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याचा मालक दिवसभर फळीवर आडवा. असाच आळशी शेजार मला हवा होता.

घरमालक निवृत्त कारकून. त्यांना काका म्हणायचं, त्यांच्या बायकोला काकू, असं त्यांनीच ठरवून दिलं. घरातल्या तिसऱ्या म्हणजे आत्याबाई, काकांच्या थोरल्या बहीण. आतल्या जिन्याच्या वळणावर वेताच्या खुर्चीत बसलेल्या असतात आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला राउटर. वर-खाली करताना त्यांचे गुडघे चुकवावे लागतात. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे कपाटाकडे बघावं तसं बघितलं.

काम उद्यापासून. मिक्सर, पंखे, इस्त्र्या यांच्या माहितीपुस्तिका तपासायच्या, त्यातलं मराठी माणसांना कळेल असं करायचं. सगळं घरबसल्या, नेटवरून. महिनाभर चाचणी, पटलं तर कायम. याआधीच्या दोन जागा गेल्या. माझं लोकांशी पटत नाही, असं दोन्हीकडचं म्हणणं. इथे लोक नाहीत, नुसत्या इस्त्र्या आहेत. ही जागा गेली तर या वयात पुढची मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे, आणि स्वतःला गोड बोलून फसवायची मला सवय नाही.

४ तारीख, मंगळवार

सकाळभर नेट नाही. लॅपटॉप जुना आहे, मान्य. पण चालतंय ते टाकायचं कशाला? दर दोन वर्षांनी नवा घेणाऱ्यांच्या अकलेत त्यामुळे काही भर पडल्याचं मी पाहिलेलं नाही. वायफायच्या चिन्हावर पिवळा त्रिकोण. जोडलंय म्हणतं, आणि देत काही नाही. सरकारी खिडकी आठवली.

मोबाइलचा उपयोग नाही. भिंती अशा जाड की रेंज फक्त दारात येते, तीही लहर आली तर.

खाली जाऊन काकूंना सांगितलं. त्या पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, थांबा हं ताई, आत्याबाई आंघोळीला गेल्यात, येऊन बसल्या की येईल.

मला वाटलं, आत्याबाईंना राउटरचं काही कळत असेल. तसं नाही. त्यांनी बसायचं, बस. त्या बसल्या की येतं. काकांनीही वर्तमानपत्राआडून दुजोरा दिला. पस्तीस वर्षं सरकारी फायली वाचलेला माणूस!

आत्याबाई ओल्या केसांनी येऊन बसल्या आणि नेट आलं. योगायोग. काकूंच्या चेहऱ्यावरचं ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ मात्र दुपारपर्यंत माझ्या डोक्यातून गेलं नाही.

६ तारीख, गुरुवार

दोन दिवस नीट पद्धतशीर दुरुस्ती केली. वायफायच्या भागाचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं घातलं. वीज वाचवण्यासाठी लॅपटॉप मधूनच वायफाय झोपवतो, ते बंद केलं. साठवलेली जोडणी पुसून पासवर्ड नव्याने दिला. पासवर्ड काकांच्या लग्नाची तारीख आहे. यांच्या घरी चोर आला तर त्याला साखरपुड्याचा अल्बमही दाखवतील. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो, त्यातली जुनी, संथ तेवढीच माझ्या लॅपटॉपला कळते, हेही शोधून काढलं. तीच निवडली.

सुधारणा शून्य. आत्याबाई उठल्या की जातं, बसल्या की येतं.

विचार करून लिहिते. माणसाचं शरीर लहरी अडवतं, पोहोचवत नाही. म्हणजे त्या बसल्यावर नेट जायला हवं. इथे उलट. याचा अर्थ माझी नोंद चुकतेय किंवा विज्ञान. विज्ञानावर इतक्यात संशय नको. शिवाय मी हे तुसडेपणाने लिहितेय का? लिहितेय. पण तुसडेपणा म्हणजे चूक नव्हे.

१० तारीख, सोमवार

या घराचं सगळं वेळापत्रक त्या खुर्चीभोवती फिरतं. आत्याबाईंचं ताट तिथे, चहा तिथे, गोळ्या तिथे. काकांना बातम्या बघायच्या असल्या की ते खालून ओरडतात, अक्का, आहेस ना गं? त्यावर वरून एक हुंकार. काकू मालिका बघताना आत्याबाईंना पाणीही कमी देतात, मध्ये उठायला नको म्हणून. हे मला काकूंनीच सांगितलं, हसत, काटकसरीची युक्ती सांगावी तसं. काय माणसं आहेत! आणि ती बाईही बसते, एखाद्या कुंडीसारखी.

मी आत्याबाईंना विचारलं, तुम्हाला कंटाळा नाही का येत? म्हणाल्या, कोणाचा?

उत्तर म्हणून हे मूर्खपणाचं आहे. तरी जिना चढून येईपर्यंत मला ते पुरलं.

१२ तारीख, बुधवार

दुपारी पाणी आणायला खाली जात होते. आत्याबाईंचे ओठ हलत होते. जप असेल म्हणून पुढे सरकले, तर ऐकू आलं, “भांडे बसवण्यापूर्वी पाते घट्ट आहे याची खात्री करावी.”

हे माझं वाक्य. मी आत्ता दुरुस्त करून पाठवलेलं. मूळ वाक्यात ‘पात्याची घट्टता सुनिश्चित करण्यात यावी’ असं होतं आणि ते बदलल्याचा मला थोडा गर्वही झाला होता.

शक्यता: मी काम करताना मोठ्याने वाचते आणि त्यांना ऐकू जातं. वाचते का मी? एकटं राहणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. उद्यापासून तोंडावर रुमाल बांधून काम करेन. वेडेपणा आहे, पण तपासल्याशिवाय मत बनवायचं नाही.

१४ तारीख, शुक्रवार

रुमाल बांधला होता. तरीही.

आणि आज वेगळंच. त्या पुटपुटल्या, “काम चांगलं आहे, पण तुम्ही सारख्या गायब होता. सोमवारच्या बैठकीत नीट दिसल्या नाहीत तर पुढचा विचार करावा लागेल.” आवाज त्यांचाच, म्हातारा, फाटका. बोलण्याची ढब आमच्या संपादिकाबाईंची, पंचविशीतली, प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर चढणारी. मी आत्याबाईंना खांद्याला धरून विचारलं, हे कोण म्हणालं? त्यांनी माझ्याकडे कपाटाकडे बघावं तसं बघितलं.

वर येऊन बसले. थोड्या वेळाने संपादिकाबाईंचा मेल आला. शब्दन् शब्द तोच.

मी घाबरलेले नाही. मला राग आलाय. माझी पत्रं माझ्याआधी कोणी वाचलेली मला चालत नाहीत.

१६ तारीख, रविवार

काका-काकू सकाळी एका लग्नाला गेले. जाताना काकांनी दहादा बजावलं, ताई, आत्याबाईंना दुपारचं वाढा, आणि काही झालं तरी राउटरच्या बटणाला हात लावू नका. ते बंद करायचं नसतं आमच्यात. “आमच्यात”! जणू कुळाचार.

उद्या बैठक. नेट मधूनमधून तुटत होतं, आत्याबाई डुलक्या घेत होत्या म्हणून. पाहा, मीही आता असंच लिहायला लागले.

दारात उभं राहून हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा पाठ केल्यासारखा बोलत होता. लॅपटॉप जुनाय का मॅडम? मग राउटर बंद करा मॅडम, अर्धं मिनिट थांबा, चालू करा मॅडम. त्याला म्हटलं, हे तर माझ्या इस्त्रीच्या पुस्तिकेतही लिहिलेलं असतं. तो म्हणाला, मग तुम्ही केलं का? केलं नव्हतं. एवढं सगळं केलं आणि एवढंच केलं नव्हतं. कारण या घरातल्या अडाणी धाकाला, नकळत का होईना, मीही मान देत होते. याची मला लाज वाटली.

आत्याबाईंच्या डोक्यावरून हात नेऊन बटण बंद केलं.

दिवे गेले. राउटरचे. आत्याबाईंची हनुवटी छातीवर आली. मला वाटलं, डुलकी. मी नेमकं अर्धं मिनिट मोजलं. पूर्ण मोजलं, कारण काम अर्धवट करायची मला सवय नाही. मग चालू केलं. दिवे एकेक करून परत आले, आधी लाल, मग पिवळा, मग हिरवा.

आत्याबाई आल्या नाहीत.

१६, संध्याकाळ

डॉक्टर येऊन गेले. हृदय म्हणाले. वय झालं होतं म्हणाले.

मी काकांना सगळं सांगितलं. बटणाचंही. लपवलं नाही. ते रडले, पण माझ्यावर ओरडले नाहीत. काकू म्हणाल्या, थकल्याच होत्या हो त्या, वर्ष झालं तुटत होतं नेट.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ तारीख, सोमवार

सकाळी सगळं उरकून घरी आलो. राउटरचे दिवे हिरवे, आणि कुठेही काही नाही. काकांच्या फोनवर नाही, टीव्हीवर नाही. माझ्या लॅपटॉपवर पिवळा त्रिकोण.

खुर्ची तिथेच. काकूंनी तिच्यावर नवी उशी घातली होती.

काका वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. काकू पीठ मळत होत्या. बैठकीला थोडाच वेळ होता. मला माहीत होतं की हा शुद्ध मूर्खपणा आहे, आणि मूर्खपणा करून दाखवल्याशिवाय तो मूर्खपणा सिद्ध होत नाही. शिवाय आत्याबाईंचं मी काही देणं लागते, असंही मनात आलं. दोन्हींतलं खरं कारण कोणतं? दोन्ही नाही. मला नोकरी हवी होती.

लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसले.

वायफायच्या सगळ्या दांड्या भरल्या. इतकं स्वच्छ चित्र मी या लॅपटॉपवर कधी पाहिलं नव्हतं. बैठक उत्तम झाली. संपादिकाबाई म्हणाल्या, आज तुम्ही अगदी समोर बसल्यासारख्या वाटताय. खालून काकांचा आवाज आला, ताई, आहात ना? आणि माझ्या तोंडून हुंकार गेला. मी दिलेला नव्हता तो.

१८ तारीख, मंगळवार

सकाळी खोलीत जायला उठले. दोन पायऱ्या चढले आणि डोक्यात काही उरलं नाही. ‘पायरी’ला काय म्हणतात तेही नाही. श्वास पुढे सरकेना. काकूंनी हाताला धरून परत बसवलं. म्हणाल्या, सुरुवातीला होतं असं, आत्याबाईंनाही झालं होतं, सवय होते.

मी विचारलं, आत्याबाईंच्या आधी कोण होतं?

काकू म्हणाल्या, तेव्हा फोन होता हो.

१९, बुधवार

चहा इथेच. ताट इथेच. पाणी कमी.

काम मात्र भराभर होतंय. पुस्तिका उघडण्याआधी मला येते, पाठ. चुका आधीच टोचतात, दातात अडकल्यासारख्या. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. हे नोंदवायलाच हवं, प्रामाणिकपणे.

पण बाकीचंही येतं. काकूंच्या भावजयीची निंदा. काकांची गुडघ्यावरच्या तेलाची चौकशी. समोरचा सायकलवाला पासवर्ड ओळखून आमचंच नेट चोरतो. त्याचे सिनेमे माझ्यातून जातात. सगळे. शी. आणि सगळी मारामारीच.

किती सामान्य असतात माणसं आतून. हा तुसडेपणा माझा आहे ना? अजून माझा आहे. तेवढाच ओळखीचा आहे.

२०

निघून जायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं — ते वाक्य सापडत नाहीये. कुठे जायचं ते

काकांचे मित्र कसलासा विनोद पाठवतात. मी हसते. मला हसू आलेलं नसतं.

सायकलवाला दारात येऊन काकांना म्हणाला, काका, नेट लई झकास झालंय, काय केलं? काका म्हणाले, नवीन बसवलंय.

२१

संपादिकाबाईंचा मेल. आला तेव्हा माझेच ओठ हलले. वरच्या पट्टीत. तुमचं काम पाहून आनंद झाला, तुम्हाला कायम करत आहोत, आज दुपारपर्यंत होकार लिहून पाठवावा, नाहीतर जागा दुसऱ्या —

होकार लिहायचा आहे. एका ओळीचं काम. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी सरळ केल्या मी.

लॅपटॉपवर टाइप होत नाही. बोटं दुसऱ्यांचं टाइप करतात. आधी इथे वहीत लिहून घेते. इथे अजून मीच —

मला ही जागा मान्य आहे. मी उद्यापासून गुडघ्याला कोमट करून लाव, दोनदा —

नाही. खोडलं.

मला ही जागा मान्य — वहिनीला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून —

पुन्हा. सावकाश. मी. मला. मला ही

दुपार झाली. काकू ताट घेऊन आल्या. ताई, हुंकार तरी द्या, म्हणाल्या. दिला. कोणीतरी दिला.

मला ही जागा मान्य आहे आणि मी इथे कायम