गच्चीवरचा स्फटिक

२ मे १९७८
डिपार्टमेंटमधला मार्तंड आज स्टाफरूममध्ये सर्वांसमोर म्हणाला की टिन ऑक्साइडचा थर काचेवर चारशे डिग्रीला बसतो, प्लॅस्टिकवर बसवायला गेलास तर प्लॅस्टिकचा गोळा होईल गा. सगळे हसले. चहा त्याचा होता म्हणून हसले. ठरलं. वीज वाहणारा, घडी घालता येणारा थर कमी तापमानात मीच करणार. रीडरच्या बढतीची जागा एक, उमेदवार दोन. त्यातला एक मूर्ख आहे.

५ मे
भट्टीची किल्ली मार्तंडकडे. मागितली नाही. मरेन पण मागणार नाही. नागपूरचं ऊन काय मेलंय? मुंबईहून मागवलेल्या प्लॅस्टिकच्या शीटवर टिनचं द्रावण फवारलं आणि गच्चीवर पसरलं. सावकाश तापलं की स्फटिक चांगला धरतो. हे पुस्तकात नाही. माझं आहे.

९ मे, खापा
पुतणीचं लग्न. एकटाच आलो. बायकोला, वच्छलेला, कुरडया घालायच्या आहेत म्हणे. मंडपात नवरदेवाच्या मामाला स्फटिक समजावला. तो म्हणाला, भाऊ, आधी जेवून घ्या, बुंदी संपून राहिली. असल्या लोकांत राहायचं.

१६ मे
शीट उतरवली. पांढरट, खरखरीत. भिंगातून पाहिलं. चौकोनी कण! मीटर लावला. काटा ढिम्म. मीटर मार्तंडनंच बिघडवला असणार.

संध्याकाळी
कुलरसमोर बसून मीटर खोलणार तोच काटा हलला. कुलर बंद केला, काटा पडला. चालू केला, हलला. जितकं थंड तितकी वीज. कमी तापमानाचा माझा सिद्धांत सिद्ध. वच्छला म्हणाली, त्या शीटचं मले सांगाचं होतं जी. नंतर, म्हटलं. शास्त्राच्या वेळी घरकाम नको.

२२ मे
इंटरव्ह्यू. सोबत घरचा कुलर नेला. काटा हलला. बाहेरून आलेले परीक्षक बराच वेळ कुलरकडेच बघत होते. शीटचा तुकडा एक्स-रे तपासणीला घेऊन गेले. मार्तंडचं तोंड एवढंसं झालं. जिरली.

१० जून
रिपोर्ट आला. थर स्फटिकाचाच आहे. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो. टिनचा मात्र मागमूस नाही. सापडलं ते खायचं मीठ, कुलरच्या ओलसर हवेत वीज नेणारं.

घरी येऊन वच्छलेवर ओरडलो. ती म्हणाली, तुमी खाप्याले गेले तवा शीट चिकट लागली, साबणानं घासली आन् कुरडया टाकल्या. मले वाटलं, या वर्षी तुमी माह्यासाठी आणली. त्याचाच जास्त राग आला.

१३ जून
मार्तंड रीडर झाला. पेढे घेऊन घरी आला, निर्लज्ज. वच्छलेनं त्याला कुरडया तळून दिल्या. दोनदा मागून खाल्ल्या. मग माझ्याकडे बघत तिला म्हणाला, वहिनी, मीठ एकदम बरोबर पडलं.