खाली कोण?

३ एप्रिल
अखेर धाकट्याने सुट्टी काढली. बारा वर्षांनी आम्ही दोघे भाऊ एकत्र. राखीव जंगलातली ही खोली पूर्वी लाकूडतोड्यांची होती: फळ्यांच्या भिंती, दोन लोखंडी खाटा, खिडकीभर डोंगर. मजा येणार. रखवालदार सांगत होता, तोड बंद होऊन साठ वर्षं झाली, तरी भर दुपारी वरून हाक येते: खाली कोण? शेवटचा घाव घालण्याआधी लाकूडतोडे तसं विचारत. ओ तेवढी द्यायची नाही. धाकट्याने विचारलं, काका, जेवायला बोलावत असले तर?

४ एप्रिल
जुने बुंधे पाहिले. एकावर आम्ही दोघे मांडी घालून मावलो. दुपारी हाक आली. स्पष्ट, कामात असलेल्या माणसाची. मी गप्प. धाकट्याने ओरडून सांगितलं, मी आहे, सावकाश पाडा! आणि पोट धरून हसला. झाड कुठलंच पडलं नाही. परतताना म्हणाला, दादा, पिशवी घे, खांदे भरून आलेत.

५ एप्रिल
त्याला उठता येत नाही. अंगावर ओरखडाही नाही. रखवालदार आणि मी उचलायला गेलो. खाटेचे पाय जमिनीत रुतले, तो हलला नाही. रखवालदार म्हणाला, एकदा खालून ओ आली तरी मुकादमाने झाड पाडायला लावलं. तेव्हापासून ओ देणाऱ्यावर ते पडत राहतं, सावकाश. खाली दुसरं कुणी आहे असं वर कळलं, तरच पहिला सुटतो. मग तो डॉक्टर आणायला डोंगर उतरून गेला.

६ एप्रिल
हाक आली. धाकटा माझ्याकडे बघत राहिला. मी शेगडी पेटवत होतो. नंतर सांगितलं, ऐकू आली नाही.

७ एप्रिल
डॉक्टर नाही. बरगड्या मोडताहेत. एकेक. मला दोन मुली आहेत, त्याला मागे कुणी नाही. हे त्याला सांगितलंही. त्याने मान हलवली.

८ एप्रिल
चेहरा पसरलाय. श्वास नखाएवढा.
हाक—
ओठ हलले. पाणी मागतोय वाटलं. वाकलो. त्या हाकेला सांगत होता, दादा खाली आहे.

उठून बसला. तांब्याभर पाणी प्यायला.
माझ्या छातीवर— खाट करकरतेय—
धाकटा पिशवी भरतोय. बूट घालतोय. मी हाका मारल्या. ओ देत नाही. दार ओढून घेतलं. उद्या दुपारी हाकेला मी त्याचंच नाव— पण तो तोवर जंगलाबाहेर— हात उचल