लागू पडणारी गोळी

गुडगाव,
२० फेब्रुवारी २०२२

चि. सौ. प्रभा हिस,
अनेक आशीर्वाद.

मृणालच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले. जावई चांगलाच उंच आहे, तुझी लेक हील घालूनही त्याच्या खांद्याला. लाडू पोचले. तुझ्या दादाने निम्मा डबा संपवला, म्हणजे तोंडाला चव आली म्हणायची.

वहिनीला पत्र लिहायचं कुठून सुचलं, म्हणशील. व्हॉट्सअॅप हे माझ्याआधी वाचतात आणि माझा फोन वाजला की टीव्हीचा आवाज बारीक करतात. मानेसरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून सुपरवायझरी घरातच चालते. आत्ता खाली सोसायटीच्या बागेत उन्हाला बसलेत.

आजाराचं तुला माहीतच आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेला होता, इंजेक्शनांनी दबला, दिवाळीनंतर पुन्हा डोकं वर काढलं. आता केमो की दुसरं काही, हे ठरवायला डॉक्टरांनी रक्तातल्या जनुकांची तपासणी करायला लावली. त्यात एक दोष निघाला. तो दोष असला की एक गोळी लागू पडते म्हणे, म्हणून सध्या केमो नको. बरा होणार नाही, पण आवरला जाईल. यांचा चेहरा खुलला.

मला काहीच वाटलं नाही. आनंद नाही, भीती नाही. घरी येऊन मटार सोलत बसले. अजून तशीच आहे.

डॉक्टर पुढेही बोलल्या होत्या. हा दोष जन्माचा, आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला. सख्ख्या भावंडांत निम्मी शक्यता. बायकांना त्यातून स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. आधी कळलं तर पुष्कळ करता येतं. सासूबाई पोटातल्या गाठीने गेल्या, ते मला तिथेच आठवलं. मग त्यांनी यांना विचारलं, "कोई बहन है आपकी?"

"नहीं मॅडम, अकेला हूँ," हे म्हणाले.

मी शेजारीच बसले होते.

गाडीत म्हणाले, "मृणालचं लग्न होऊन जाऊ दे. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर मोडतील. मग सांगू." लग्न ठरलं की घरातलं दुखणं झाकून ठेवायचं, हे तुम्हा भावंडांना लहानपणापासून शिकवलेलं. तुझ्यावरची मायाच आहे ती. मला त्यांचा रागसुद्धा येत नाहीये, प्रभा.

अनिशला, स्वतःच्या मुलाला, मात्र त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं.

काल मी एकटीने डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, बहीण आहे, धाकटी, सांगलीला असते, तिला लग्नाची मुलगी आहे. त्या म्हणाल्या, आधी बहिणीची तपासणी करा, पुण्यात होते. तिच्यात दोष नसला तर मुलीला तिच्याकडून यायचा प्रश्नच नाही. यांच्या रिपोर्टाची प्रत सोबत ठेवली आहे, ती तिथे दाखव.

लग्नाआधी की नंतर, मुलाकडे सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी कुणाकडे बोलणार नाही. दादाने विचारलं तर माझं नाव सांग. रागावले तर रागावू देत.

भाऊबीजेला ओवाळायला तू हवीस आणि ओवाळून घ्यायला ते. त्यांचं डॉक्टरांनी बघितलंय. तुझं कुणीच बघितलेलं नाही.

तुझी,
शालिनीवहिनी