पाच बोटं हवा

९ ऑगस्ट, सोमवार
ट्रेव्हरनं आज नोएलीनचं मनगट मोडलं. माझ्या पोटचा, बेचाळीस वर्षांचा घोडा! कारण काय — चहा गार होता. मी फळी लावून हात बांधला. सून कानाशी म्हणाली, "आई, गुरुवारी डाकेच्या ट्रकनं जाते. बोलू नका कुठं."
तासाभरानं ट्रेव्हरच शेडमध्ये मोटारसायकल ढकलत आला. "म्हातारे, पुढच्या चाकाचे फोर्क, त्या धक्के झेलणाऱ्या नळ्या, तेल ओकतायत. गुरुवारी गुरं हाकायचीत!" वाटेत अडून बसलेल्या वासरावर सरळ गाडी घातली होती म्हणे. हसत सांगितलं. चाकावर रक्त ओलंच.

१० ऑगस्ट
फोर्कच्या नळीचं झाकण सोडलं तर आतली स्प्रिंग अशी उसळली की ते वर पत्र्यावर आदळलं — कपाळ वाचलं! जुनं ऑइल काळं, सडक्या मासळीच्या वासाचं. नवं ओतलं, बुडबुडे थांबेपर्यंत नळी हळूहळू खालीवर केली. मग नळी पूर्ण दाबून वर पाच बोटं जागा सोडली. तिथली हवाच तर धक्का खाते. कुणी शिकवलं नाही, तीन गाड्या नासवून शिकले.

११ ऑगस्ट
नोएलीनचा ओठ फाटलाय. "आई, उद्या त्याला रोखाल ना?" हो म्हणाले.
दुपारी शेडला कडी लावली. फोर्कच्या दोन्ही नळ्या ऑइलनं काठोकाठ भरल्या. हवेला जागाच नाही. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात फोर्क दगडासारखे होतील, हा हँडलवरून उडेल. खांदा मोडेल, नाहीतर मान. झाकणं आवळली आणि निवांत चहा टाकला. त्या निवांतपणाचीच भीती वाटली.

१२ ऑगस्ट
नाही जमलं. न्याहारीआधी जाऊन जास्तीचं ऑइल काढलं. पाच बोटं, मोजून. लहानपणी तापात माझा पदर सोडायचा नाही मेला — तेच डोळ्यांपुढं.
तो उत्तरेला गेला, ती ट्रकमध्ये बसली. सुटली पोर!
दुपार — रेडिओवर ट्रकवाला: "डाक निघाली. नोएलीन माझ्या गाडीत, सगळं ठीक." गाडीत कोण आहे ते इथं सगळेच सांगतात, रानात कुणी हरवू नये म्हणून. त्याला गप्प राहा म्हणून सांगायचं कुणालाच सुचलं नाही! रेडिओ ट्रेव्हरच्याही कमरेला आहे.

१३ ऑगस्ट
काल कोरड्या नदीत ट्रेव्हरनं ट्रक गाठला. नोएलीन जिवानिशी गेली. ट्रकवाल्याचाही जबडा फुटलाय.
ट्रेव्हरनं गाडी शेडमध्ये लावली, हात धुतले. म्हणाला, "इतक्या खड्ड्यांतून पळवली, फोर्क एकदाही आपटले नाहीत. झकास काम केलंस, आई."
पोलिसांना फोन मी केला. गुन्हेगार म्हणून दोघांची नावं सांगितली — त्याचं आणि माझं.