देवापुढचं पाकीट

मंगळवार रात्र, रेडमंड, अमेरिका

टपालाने घरी आलेल्या मतपत्रिकेचं पाकीट अजून देवापुढेच आहे. सिटिझन झाल्यावरचं माझं पहिलं मत, म्हणून सही करून, कोपऱ्याला कुंकू लावून ठेवलं होतं. आज ते पेटीत टाकायचा शेवटचा दिवस. सकाळी कामावर निघताना न्यायला विसरले, आणि घरी पोचेपर्यंत आठ वाजून मतांची पेटी बंद झाली. उशीर का? तर बस आलीच नाही. पाऊण तास पावसात उभी होते. आणि मत कशाला द्यायचं होतं? सेल्स टॅक्स थोडा वाढवून संध्याकाळच्या बस वाढवायला!

रोहन म्हणाला, "आई, इट्स जस्ट वन व्होट." असेल. तो काय, गाडीने जातो.

स्टॉपवर आम्ही तिघीच असतो. मी, नागपूरहून शिकायला आलेली श्वेता, आणि ऑफिसं साफ करणारी मारिया. टॅक्स तिघीही भरतो, मत फक्त मला आहे. श्वेता रोज म्हणायची, "काकू, आमच्या वाटचंही तुम्हीच द्या हं."

उद्या सकाळी विचारेलच. काय सांगू तिला? कुंकू लावून ठेवलं होतं म्हणून?