तिसऱ्या सिलिंडरचा दांडा

प्रिय खारुताई,

तू दुमडून दिलेलं कॅटलॉगचं पान चार दिवस माझ्यासमोर आहे. दोन कनेक्टिंग रॉडांवर, म्हणजे पिस्टनच्या दांड्यांवर, तू पेन्सिलीने गोल केलेत. एक जाड, एच आकाराचा. दुसरा हलका, आय आकाराचा. तुझ्या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाला टर्बो नाही, सगळी मदार वेगाने फिरण्यावर. तेव्हा हलका घे. एवढ्या वेगात दांडा सहसा दाबाने मोडत नाही, ओढीने तुटतो. पिस्टन वर पोचून थबकतो न थबकतो तोच दांडा त्याला हिसका देऊन खाली खेचतो, मिनिटाला नऊ हजार वेळा. म्हणून बोल्ट मात्र सगळ्यात चांगले मागव, आणि किती ताणला गेला ते मोजूनच प्रत्येक बोल्ट आवळायचा. चारही दांड्यांच्या वजनात एका ग्रॅमचाही फरक नको.

आणि दांड्याचं अंग नितळ हवं. नखाला अडेल एवढा ओरखडाही चालत नाही, तडा तिथूनच सुरू होतो. हे मी गावच्या शाळेत शिकलो नाही, पुस्तकातही वाचलं नाही.

दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या शेवटच्या इंजिनाचे दांडे मी तीन दिवस घासून आरशासारखे केले होते. जोडण्याआधी हात जोडले, देवाचं नाव घेतलं आणि प्रत्येक दांड्याच्या मधोमध पंचाचं अणकुचीदार टोक धरून हातोडीने एक ठिपका मारला. गिऱ्हाइकांच्या साध्या गाड्यांनाही मारायचो. त्या सावकाश चालतात, त्यांना कधी काही झालं नाही. दादा समोरच्या बाकावर पाय हलवत बसला होता. म्हणाला, तुझ्या देवाला सांग, आत बसलाच आहेस तर जरा ढकल पण. तू त्याच्या मांडीवर होतीस. तो हसला म्हणून तूही खदखदून हसलीस.

शर्यतीत लांब सरळ पट्ट्यावर तिसऱ्या सिलिंडरचा दांडा तुटला, इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला, तेल मागच्या चाकांखाली गेलं. पुढचं तुला माहीत आहे. चौकशीवाल्यांनी लिहिलं, चालकाने चुकून खालचा गिअर टाकला, इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं. सगळ्यांनी तेच धरलं. तुझी आई अजून म्हणते, त्यांना घाईच फार. गेल्या रविवारी हेल्मेट पुसता पुसता तूही म्हणालीस, बाबांसारखा गिअर नाही हं चुकवणार मी.

तो अहवाल यायच्या आधीच इंजिन माझ्याकडे आलं होतं. मी दांड्याचे दोन तुकडे उजेडात धरले. तो बरोबर ठिपक्यातून तुटला होता. ठिपक्यापाशी जुना, काळपट, गुळगुळीत तडा, बाकीचा भाग ताजा, चमकणारा. म्हणजे कित्येक दिवस तो आतल्या आत चिरत चालला होता. चौकशीवाल्यांनी दांडा मागितला. मी म्हणालो, सापडला नाही.

सतरा वर्षं झाली. प्रार्थनेला डोळे मिटले की देवाच्या नावाआधी हातोडीचा आवाज येतो. हलकाच, टक् असा. कधी भर दुपारी गॅरेजात सगळी इंजिनं बंद असतानाही येतो. बाकावर कुणी नसतं हे मला माहीत असतं, तरी मी मान वर करत नाही.

रविवारी जाताना तू दारात वळून म्हणालीस, काका, बाबांच्या इंजिनाला मारला होता तो देवाचा ठिपका माझ्याही दांड्यांवर मारा हं, मला आठवतोय. आणि मी हो म्हणालो. इतक्या वर्षांनी, तुझ्या तोंडाकडे बघत, हो म्हणालो. म्हणून लिहायला बसलो. ठिपका मी मारणार नाही, कुणाला मारूही देऊ नकोस. ते दोन तुकडे पत्रासोबतच्या डब्यात आहेत. आधी तुझ्या आईला दाखव, मग चौकशीवाल्यांना. दादाचा गिअर चुकला नव्हता. तुझं इंजिन या हातांनी जोडून घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

काका म्हणशील तोवर तुझाच,
काका